दोनवार आणि तीनवारच्या मध्ये

“सहा… नऊ… सहा… दोन… काका, ऐकू येतंय का? पुन्हा सांगते. सहा, नऊ, सहा, दोन, शून्य, चार!”

मी चौकात तुळशीवृंदावनापाशी काकांचा फोन घेऊन उभी होते आणि मान वर करून ओरडत होते. काका वर माडीवर, खिडकीशी, लॅपटॉपसमोर. कसबा पेठेतला हा वाडा आता निम्म्याहून अधिक रिकामा झालाय, पण भिंती जुन्याच आहेत, दीड-दोन हात जाडीच्या. माडीवर इंटरनेट तारेने येतं म्हणून लॅपटॉप चालतो. मोबाइलला मात्र वर रेंज नाही. मेसेज यायला हवा तर फोन घेऊन खाली चौकात यायचं. म्हणून काकांनी बोली लावायची आणि मी खालून ओटीपी सांगायचा, अशी आमची वाटणी ठरली होती.

वरून आवाज आला, “राहू दे गं. गेलं.”

मी तशीच फोन धरून उभी राहिले. पडद्यावर ते सहा आकडे अजून होते. त्यांची मुदत संपायला दोन मिनिटं बाकी होती. लिलावाची संपली होती.

काका म्हणजे नात्याने काका नव्हेत. माझं लहानपण याच वाड्यात, त्यांच्या समोरच्या बिऱ्हाडात गेलं. टपाल खात्यातून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं उलटली; आता वय ७९. गेली चाळीस वर्षं ते शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली जुनी नाणी, जमवतात. सोन्याचे होन नाहीत, चांदीचे रुपये नाहीत, फक्त तांब्याच्या शिवराया. ते म्हणतात, होन राजवाड्यात राहिला, शिवराई बाजारात हिंडली. भाजीवाल्याच्या, कुणब्याच्या, भटाभिक्षुकाच्या हातातून गेली. म्हणून ती झिजलेली असते आणि म्हणूनच त्यांना ती हवी असते.

लहानपणी मी त्यांच्याबरोबर जुन्या बाजारात जायचे. बुधवारी नाही, तेव्हा शाळा असायची, रविवारी. गंजलेली कुलपं, पान्हे, पितळी समया, बिनकाट्यांची घड्याळं यांच्यामध्ये एखाद्या गोणपाटावर तांब्याच्या नाण्यांचा ढीग असायचा. काका उकिडवे बसून एकेक नाणं उचलायचे. ज्याचा ढीग, तो त्यांना ओळखायचा. “साहेबांसाठी बाजूला काढलंय,” म्हणून खिशातून चार नाणी काढून द्यायचा. पैसे कमी पडले तर “पुढच्या रविवारी द्या” म्हणायचा. ओळख पटवणं म्हणजे काय, हे मी तिथे पाहिलंय.

शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’. १६७४ साली राज्याभिषेक झाला, त्या काळापासूनचं हे नाणं. पुढे पेशवाईतही ते पाडलं जात राहिलं आणि नंतरच्या काही शिवरायांवर दोन ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा आल्या. त्यांना संग्राहक दुदांडी म्हणतात. ठसा हातोडीने मारलेला, त्यामुळे मजकूर कधी डावीकडे सरकलेला, कधी अर्धा नाण्याबाहेरच गेलेला. शिवाय ठसे करणारे हात अनेक. कुठे ‘शिव’, कुठे ‘शीव’, कुठे ‘सिव’. काकांच्या वह्यांमध्ये अशा प्रत्येक नाण्याचं पेन्सिलने काढलेलं चित्र आहे. खाली वजन, कुठून घेतलं, किती दिले.

एवढं झिजलेलं कसं वाचता, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि खिडकीपाशी नेऊन हात तिरका करायला लावला. समोरून उजेड पडला की तांब्याची नुसती सपाट चकती दिसते. उजेड कडेने आला की खड्डा आणि उंचवटा वेगळे होतात, आणि जिथे काहीच नव्हतं तिथून ‘रा’चा काना वर येतो. “घासायचं नाही हं,” ते म्हणाले, “चिंच तर अजिबात लावायची नाही. थांबून बघायचं.”

परवाच्या लिलावात लॉट क्रमांक २१७ ही एक अर्धी शिवराई होती. अर्ध्या किमतीचं नाणं, आकारानेही लहान. दोन्ही बाजूंचा पूर्ण मजकूर त्या लहान चकतीवर नीट बसलेला. काकांकडे अर्ध्या शिवराया आहेत, पण पूर्ण वाचता येणारी एकही नाही. कॅटलॉग पीडीएफमध्ये आल्यापासून महिनाभर ते त्या पानाशी होते. बोली ३,००० रुपयांपासून सुरू होणार होती. पेन्शनमधून बाजूला काढलेले ९,००० रुपये, ही त्यांची हद्द. पुढे ३४१ नंबरवर आणखी एक नाणं त्यांना चालण्यासारखं होतं, पण पैसे एकासाठीच. २१७ मिळालं तर ३४१ सोडायचं. नाही मिळालं तर तिकडे वळायचं. म्हणूनच त्यांनी आपला आकडा आधी कळवून ठेवला नव्हता. तशी सोय असते: तुमची कमाल बोली सांगून ठेवायची, लिलावगृह तुमच्या वतीने बोलतं. पण दोन्हींवर सांगून ठेवली आणि दोन्ही लागली तर? शिवाय काकांना लिलावात हजर राहायचं होतं, आणि त्यासाठी कुणाला कारण देण्याची गरज नाही असं मला वाटतं.

नोंदणी महिनाभर आधीच झाली होती. पॅन, आधार, फोटो, पत्ता, १०,००० रुपये अनामत. त्याबद्दल काकांची मुळीच तक्रार नव्हती. उलट ते मला समजावून सांगत होते: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा घेणारा कोण, कुठला, हे विचारायलाच हवं. “विचारायलाच हवं” हे शब्द त्यांचे.

सकाळी साडेदहाला आम्ही आत शिरलो. पासवर्ड, चित्रं, ओटीपी, सगळं बिनचूक झालं. पडद्यावर लिलाव करणाऱ्याचा चेहरा, खाली चालू लॉट, त्याखाली बोलीचं हिरवं बटण. काकूंनी चहा आणला. काका टेबलावर वही उघडून प्रत्येक लॉटची अखेरची किंमत लिहून घेत होते. एका लॉटला मिनिटभर, कधी अर्धंच. २०९ ला ते लिहायला खाली वाकले आणि वर बघतात तो पडदा पांढरा. बराच वेळ काही न दाबल्यामुळे आपल्याला बाहेर काढलं आहे, पुन्हा लॉग इन करा.

काही न दाबल्यामुळे! लिलावात बसलेला माणूस आपलं नाणं येईपर्यंत दुसरं काय करणार? हात खाली ठेवून वाट बघणं, हाच तर लिलाव.

पासवर्ड एका बोटाने टाइप करायला काकांना वेळ लागतो. मग चित्रांची चौकट आली: नऊ घरं, ज्यात रस्ता ओलांडायचे पट्टे आहेत ती निवडा. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्या धुरकट, अंगठ्याएवढ्या चित्रांमध्ये काकांनी तीन घरं निवडली. चूक. पुन्हा नवी नऊ घरं. आता रस्त्याकडेचे आगीचे बंब लावायचे नळ शोधा. अमेरिकेतल्या फुटपाथवर असतात तसले, ठेंगणे. काका आयुष्यभर पुण्यात राहिले. “हा नळ कुठला गं?” त्यांनी विचारलं. मी खांद्यावरून वाकून दाखवला. मग ओटीपी. मी जिना उतरून चौकात. मेसेज येईना. वर काकांनी ‘पुन्हा पाठवा’ दाबलं. मग दोन मेसेज एका पाठोपाठ आले, मी आधीचा वाचला, तो बाद झालेला होता. मग दुसरा वाचला.

२१७ तोवर ६,५०० रुपयांना गेलं होतं. काकांच्या हद्दीच्या अडीच हजार अलीकडे.

कुणी जास्त पैसे लावून ते नेलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. लिलावात ते व्हायचंच. पण काकांची बोली हरली नाही, ती लागलीच नाही. मी त्या दिवसापासून यावर विचार करते आहे, आणि राग ओसरल्यावरही माझं मत तेच राहिलंय, म्हणून हे लिहिते आहे.

तपासणी नकोच, असं मी म्हणत नाही. मी हिशेबाच्या कामात आहे, फसवणूक कशी होते ते रोज बघते. नाण्यांच्या वर्तुळातलाच काकांचा एक स्नेही आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या खात्यात कुणीतरी शिरलं आणि त्याच्या नावावर सात लॉटवर बोल्या लावून मोकळं झालं. तो बिचारा महिनाभर पत्रं लिहीत होता. शिवाय विकणाऱ्याचाच माणूस खोटी बोली लावून किंमत चढवतो, हा लिलावाइतकाच जुना रोग आहे. ऑनलाइन कार्डव्यवहारांना रिझर्व्ह बँकेने २००९ पासून दुसरी पडताळणी सक्तीची केली आणि त्याने असंख्य लोकांचे पैसे वाचले असणार. ओटीपीची मला चीड नाही. तो कुठल्या क्षणी मागितला जातो, याची आहे.

माझं आजोळ भोरकडे. तिथे उत्सवाच्या शेवटच्या दिवशी देवाच्या नारळाचा लिलाव व्हायचा. गुरवाशेजारी उभे राहून एक आजोबा बोली पुकारायचे. “एकवार… दोनवार…” आणि मग थांबायचे. त्या थांबण्यात ते सगळ्या मांडवावरून नजर फिरवायचे. पुढे बसलेल्यांवरून भरभर, मागच्या खांबाशी टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांवरून सावकाश. कुणाच्या मनात आहे पण तोंडातून निघत नाहीये, ते त्यांना कळायचं. “बोला की आबा,” असं म्हणायचे. मग “तीनवार”. माझ्या मनात लिलाव म्हणजे ते थांबणं. बोलीचा वेग पैसेवाल्यांसाठी असेल, दोनवार आणि तीनवारच्या मधली ती जागा उशिरा उठणाऱ्या हातासाठी असते.

परवा ती जागा चित्रांच्या चौकटीने खाल्ली.

या चौकटीची हकिगत मी शोधून वाचली. माणूस आणि यंत्र ओळखणाऱ्या या चाचणीला कॅप्चा म्हणतात; तिच्यावरचा लेख कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. पुढे फॉन आन यांना वाटलं की जगभरातल्या माणसांचे एवढे सेकंद फुकट जातायत. म्हणून २००७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रीकॅप्चा आणलं. जुन्या वर्तमानपत्रांतले, पुस्तकांतले जे शब्द संगणकाला वाचता येत नव्हते, ते चाचणी म्हणून लोकांसमोर ठेवले. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक अशा तऱ्हेने लोकांनी एकेक शब्द करून वाचून दिले. पुसट अक्षर वाचता येणं, ही तेव्हा माणूस असल्याची खूण होती. हे वाचताना मला खिडकीतला तो तिरका तळहात आठवला. त्या काळातली चाचणी काका सहज पार झाले असते.

मग यंत्रं अक्षरं वाचायला शिकली, म्हणून चित्रं आली. आता चित्रंही त्यांना येतात. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी सुमारे १,४०० माणसांकडून या चाचण्या सोडवून घेतल्या आणि यंत्रांच्या निकालांशी ताडून पाहिल्या. यंत्रं बहुतेक सगळीकडे माणसांपेक्षा वेगवानही निघाली आणि अचूकही. मग ही चौकट नेमकी कुणाला अडवते? ज्याला आत शिरून लबाडी करायची आहे, त्याच्याकडे ती सोडवणारं यंत्र आहे. ज्याच्याकडे नाही, तो ७९ वर्षांचा माणूस दाराशी उभा राहतो.

आणखी एक गोष्ट सापडली, ती जास्त लागली. संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत यासाठी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची जागतिक नियमावली आहे. त्यात एक कलम वेळेबद्दल आहे: वापरणाऱ्यावर वेळेची मर्यादा घालणार असाल तर ती बंद करायची, बदलायची किंवा वाढवायची सोय त्याला द्या. २००८ च्या आवृत्तीपासून हे कलम आहे. त्याला काही अपवाद आहेत. त्यातला एक असा की घटना प्रत्यक्ष वेळेतच घडत असेल आणि मर्यादेला दुसरा पर्यायच नसेल, तर ही सक्ती नाही. उदाहरण म्हणून कंसात एकच शब्द दिलाय: लिलाव.

मी ते वाक्य तीन-चारदा वाचलं. लिलाव कुणासाठी थांबणार नाही, हे मला मान्य आहे. तो अपवाद मी नाकारत नाही. पण अपवाद लिलावाच्या वेळेला आहे, दाराच्या वेळेला नाही. २१७ वर हातोडा कधी पडावा, हे लिलाव ठरवेल. काकांना २०९ ला बाहेर का काढलं आणि परत यायला चार मिनिटं का लागली, याचा लिलावाशी काय संबंध? ते दार आहे, आणि दाराला पर्याय आहेत.

पूर्वी सभागृहात लिलाव व्हायचा तेव्हा काय असायचं? काका मुंबईला जायचे त्यासाठी, सकाळच्या गाडीने. दारात नाव सांगायचं, कागद दाखवायचे, अनामत भरायची, नंबराची पाटी हातात घ्यायची. झालं. पुढचे पाच तास ती पाटी म्हणजेच तुम्ही. मधेच डुलकी लागली म्हणून कुणी उठवून कागद मागितले नाहीत. दोनवार झाल्यावर कुणी जवळ येऊन विचारलं नाही की आपण माणूसच ना. ओळख दारात, बोली आत. हाच क्रम संकेतस्थळाला ठेवता येतो. सकाळी हवी तेवढी कडक तपासणी करा, वाटलं तर दोन ओटीपी मागा, आणि मग लिलाव संपेपर्यंत त्या माणसाला आत बसू द्या. संशय आलाच तर पैसे देताना पुन्हा विचारा. नाणं तोवर तुमच्याच कपाटात असतं.

आणि ज्या लिलावांत पुकारणारा माणूसच नसतो, नुसतं घड्याळ असतं, तिथेही ते थांबणं आणता येतं. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ईबे आणि ॲमेझॉन यांच्या त्या वेळच्या लिलावांची तुलना होती. ईबेचा लिलाव ठरल्या सेकंदाला बंद व्हायचा. ॲमेझॉनचा मात्र अखेरच्या दहा मिनिटांत कुणी बोली लावली की पुढे लांबायचा, दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही म्हणजे मग संपायचा. ईबेवर लोक शेवटच्या क्षणाला तुटून पडत. ॲमेझॉनवर तसं कमी दिसलं. आपल्याकडे बँका जप्त घरांचे ई-लिलाव करतात, त्यांच्या जाहिरातींतही शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर आणखी पाच मिनिटं वाढतील अशी अट असते. म्हणजे हे जमतं. “बोला की आबा” यंत्रालाही म्हणता येतं.

३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे जायबंदी झालेल्या व्यक्तींना आणि अंध व्यक्तींना केवायसी करता येत नव्हतं, कारण तिथे कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागे. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि ही पद्धत सगळ्यांना जमेल अशी करण्यासाठी २० निर्देश दिले. त्यांच्या दुःखापुढे आमचं २१७ नंबरचं नाणं काहीच नाही, हे मला कळतं. पण दार एकाच जातीचं आहे. ज्याने बांधलं, त्याच्या मनात एकच माणूस होता: तरुण, दोन्ही डोळे नीट, फोन खिशात, रेंज भरपूर.

लिलावगृहाला मी सविस्तर ईमेल लिहिली. काकांना न विचारता, कारण ते नको म्हणाले असते. उत्तर आलं की ही व्यवस्था आपल्याच सुरक्षिततेसाठी आहे. मी पुन्हा लिहिलं, या वेळी फक्त एक ओळ: लिलाव चालू असताना लॉग इन केलेल्या माणसाला बाहेर काढू नका. त्याला अजून उत्तर नाही. उत्तर येईपर्यंत मी दर आठवड्याला तीच ओळ पाठवणार आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी वर गेले तेव्हा काका कॅटलॉगमधला २१७ चा फोटो लॅपटॉपवर मोठा करून वहीत चित्र काढत होते. फोटोत उजेड समोरून पडलेला, म्हणून ‘जा’ नीट दिसत नव्हता. ते पडद्याची चमक कमीजास्त करून बघत होते. खाली वजन लिहिलं, तारीख लिहिली, ६,५०० लिहिलं. ‘कुठून घेतलं’ या रकान्यात त्यांनी एक रेघ ओढली आणि वही मिटली. ३४१ वर त्यांनी बोली लावली नव्हती. का, ते मी विचारलं नाही.

पुढचा लिलाव येत्या शनिवारी आहे. सकाळी नऊला मी पोचते म्हणाले. काकूंनी लांब केबल आणून ठेवलीय, माडीवरून खाली सोडायला. टेबल चौकात लावायचं ठरलंय, तुळशीच्या अलीकडे, जिथे फोनला दोन दांड्या रेंज येते. आणि मी शेजारी बसून दर पाच मिनिटांनी पडद्यावर कुठेतरी बोट लावत राहणार आहे.